गाळाचं धरण

धरण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पाणी उभं राहतं. खाणीच्या गाळाचं धरण मात्र निराळं. पाण्याचं धरण एकदा बांधून होतं. हे वर्षानुवर्षं चढतच जातं, तेही बहुधा आधी साचलेल्या गाळावरच नवा बांध घालून. आतलं पाणी निचरून गेलं तरच ते टिकायचं!

उत्तर इटलीतल्या स्तावा खोऱ्यात, प्रेस्तावेल खाणीपाशी असे दोन तलाव होते. पहिला १९६१ सालचा. दुसरा १९६९ मध्ये त्याच्याच डोक्यावर, दलदलीच्या जमिनीत. १९७४ साली तेसेरो गावच्या पालिकेनं विचारलं, हे सुरक्षित आहे ना? सरकारी खाण-कचेरीनं तपासणी सोपवली कुणाकडे, तर खाणवाल्या कंपनीकडेच! स्थैर्य अगदी काठावर आहे, असं तपासणीत दिसलं. गावाला मात्र ‘काळजी नसावी’ अशा अर्थाचं उत्तर गेलं आणि बांध आणखी चढला.

१९८५ च्या जानेवारीत वरच्या बांधाचा थोडा भाग घसरला. त्याच वर्षी १९ जुलैला, भर दुपारी, वरचा बांध खालच्यावर कोसळला. सुमारे १ लाख ८० हजार घनमीटर गाळ काही मिनिटांत खोरं धुऊन गेला. २६८ माणसं दगावली. चौकशीत निघालं ते असं, की वीसएक वर्षांत या बांधांची खरीखुरी तपासणी कधी झालीच नव्हती.