कळ कोणाच्या हाती?

सुरत हे नाव उच्चारले की मराठी मनापुढे दोन चित्रे उभी राहतात. पहिले १६६४ सालचे, शिवाजी महाराजांच्या स्वारीचे. दुसरे १९०७ च्या डिसेंबरातले, फ्रेंच गार्डनमध्ये भरलेल्या काँग्रेसच्या मंडपाचे. आज मला आपणांस जे सांगावयाचे आहे त्याचा आरंभ ह्या दुसऱ्या चित्रापासून होतो. मात्र त्यातले राजकारण मी बाजूला ठेवणार आहे. मला त्यातला आवाज हवा आहे.

२६ डिसेंबरला सुरेंद्रनाथ बॅनर्जी बोलावयास उभे राहिले. हजारोंच्या सभेला पुरेल असा आवाज लाभलेला हा वक्ता. परंतु त्या दिवशी मंडपात असा गोंगाट माजला की त्यांचे भाषण कोणाच्या कानी पडेना आणि सभा तहकूब करावी लागली. दुसऱ्या दिवशी लोकमान्य टिळक व्यासपीठावर चढले. बोलू द्यावे अशी चिठ्ठी त्यांनी आधीच दिली होती, तिला उत्तर नव्हते. ते तेथून हलेनात, अध्यक्ष त्यांना बोलू देईनात. इतक्यात तो प्रसिद्ध जोडा हवेतून आला आणि अधिवेशन मोडले. घसा हेच जेव्हा एकमेव यंत्र होते तेव्हा दुसऱ्याचा आवाज बंद पाडावयास आणखी काही घसे जमविले की पुरे होत असे.

तीस वर्षांनी, १९३८ च्या फेब्रुवारीत, सुरत जिल्ह्यातच हरिपुरा येथे सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली. तोवर सभांचे रूप पालटले होते. ध्वनिवर्धक आला होता, आणि तो पुरविणारी ‘शिकागो रेडिओ’ ही मोटवानींची पेढी काँग्रेसच्या सभांतून सर्वांच्या परिचयाची झाली होती. आता गोंगाटावर मात करता येत होती. मात्र ध्वनिवर्धकाची तार जेथे संपते तेथेच आवाजही संपतो. त्यापलीकडचा आकाशमार्ग सरकारच्या मुठीत होता. १९३९ साली युद्ध सुरू होताच हौशी बिनतारीवाल्यांचे परवानेही रद्द झाले.

ह्या मुठीतून तीन महिन्यांपुरती का होईना एक वाट काढणारी मुलगी सुरतेजवळच्या सरस ह्या खेड्यात २५ मार्च १९२० रोजी जन्मली होती. तिचे नाव उषा मेहता. वडील इंग्रजी अमदानीतले न्यायाधीश, कन्या मुंबईत शिकणारी. ‘छोडो भारत’चा ठराव झाला, पुढारी एका रात्रीत गजाआड गेले, वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधल्या गेल्या, तेव्हा बावीस वर्षांच्या ह्या तरुणीने विठ्ठलभाई झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबुभाई ठक्कर आदी सहकाऱ्यांसह गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ उभा केला. राममनोहर लोहिया ह्यांचा त्यात हात होता. शिकागो रेडिओच्या नानक मोटवानींनी सामग्री पुरविली. २७ ऑगस्ट १९४२ रोजी ४२.३४ मीटर लहरीवर, हिंदुस्थानातील कोठल्या तरी ठिकाणाहून बोलत असल्याची ग्वाही देत, हे केंद्र बोलू लागले. चिमूर-आष्टीची हकिगत, जमशेदपूरचा संप, चितगावावरील बॉम्बहल्ला, अशा छापावयास बंदी असलेल्या वार्ता लोकांना तेथून कळल्या. सरकार त्या लहरीवर गोंगाट सोडू लागले. सुरतेच्या मंडपातला तो जुना उपाय आता विजेच्या रूपाने परतला होता!

ह्या केंद्राचे यंत्र चालत कसे असे, हे येथे जरा थांबून पाहू. त्या काळच्या क्षेपकात लहर ठरे ती स्फटिकाच्या तुकड्याने वा तारेच्या वेटोळ्याने. लहर बदलावयाची तर वेटोळे बदला. एकच एरियल ऐकण्यासाठी व बोलण्यासाठी वापरावयाची तर ती ग्राहकाकडून काढून क्षेपकाकडे जोडणारी कळ हाताने फिरवा. म्हणजे यंत्रापाशी माणूस हवा, आणि तो जाणता हवा. काँग्रेस रेडिओने जागा बदलल्या, चौपाटीची ‘सी व्ह्यू’ इमारत, लॅबर्नम रोडवरचा ‘अजित व्हिला’ अशी बिऱ्हाडे केली. कार्यक्रम एकीकडे ध्वनिमुद्रित करून क्षेपण दुसरीकडून करण्याची युक्तीही योजिली. परंतु जाणता माणूस काही वगळता येईना. क्षेपक तयार करून देणारे नरिमन प्रिंटर हेच अखेर पोलिसांना वाट दाखविणारे ठरले. १२ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री पोलीस आत शिरले. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा होऊन येरवड्यास धाडण्यात आले. १९४६ साली त्या सुटल्या.

आता ती कळ फिरविणारा हातच नाहीसा झाला आहे. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात अमेरिकेतील जोसेफ मिटोला ह्यांनी ‘सॉफ्टवेअर रेडिओ’ ही कल्पना नावारूपास आणली. लहर निवडणे, गाळणे, तीवर आवाज चढविणे ही वेटोळ्यांची व स्फटिकांची कामे गणिताने, म्हणजे संगणकातील आज्ञावलीने, करावयाची. २००१ साली ‘ग्नू रेडिओ’ ही कोणासही खुली असलेली आज्ञावली निघाली. मॅट एटस ह्यांची ‘यूएसआरपी’ यंत्रे तिला हातपाय देऊ लागली. मात्र गणिताने एरियलची जोडणी हलत नाही. त्यासाठी यंत्राच्या पाठीशी काही धातूच्या पिना काढून ठेवलेल्या असतात. आज्ञावलीने एका पिनेवर ‘एक’ लिहिले की तीवर बहुधा ३.३ व्होल्टांचा दाब येतो, ‘शून्य’ लिहिले की तो जातो. एवढाच तिचा व्यवहार.

सुरतेच्या विणकरास ही कल्पना नवी वाटू नये. फ्रान्समधील जाकार ह्याने १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेल्या मागावर भोके पाडलेले पुठ्ठे असतात. भोक असेल तेथे सुई आत जाते व ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तेथे खाली राहतो. पुठ्ठा हा हुकूम, सुई ही पिन. आणि छपाईवाल्यास पिनांचा दुसरा एक नियमही चटकन उमजेल. आठ-दहा पिनांतली एकच बदलावयाची असेल तर हुकुमासोबत एक ‘मुखवटा’ द्यावा लागतो. साडीवर एकच रंग चढविताना जाळीचा उरलेला भाग बंद ठेवतात, तसाच.

खरी अडचण वेळेची आहे. पिनेतून निघणारा प्रवाह इतका क्षीण की त्याने रिलेचे वेटोळे ओढले जात नाही. मध्ये ट्रान्झिस्टर घालावा लागतो, आणि वेटोळे सोडताना उसळणारा उलटा दाब पिनेवर येऊ नये म्हणून एक डायोडही. एवढे करून रिलेची जीभ इकडून तिकडे जावयास काही सहस्रांश सेकंद लागतात. ती अधांतरी असताना क्षेपण सुरू झाले तर ठिणगी उडते, आणि शक्ती चुकून ग्राहकाकडे वळली तर त्याचे नाजूक अंग जळून जाते. म्हणून आधी पिन, मग विसावा, मग क्षेपण. बंद करताना नेमके उलट. आता ही शिस्त संगणकावर सोपवावी काय? संगणक एकाच वेळी दहा कामे करीत असतो. त्याचा हुकूम तारेतून यंत्रापर्यंत कधी पोहोचेल ह्याचा नेम नाही. ह्यास्तव जाणत्यांनी दोन वाटा काढल्या. एक म्हणजे हुकुमावर वेळ घालून देणे, की यंत्राच्या स्वतःच्या घड्याळात अमुक क्षण आला म्हणजेच तो पाळावा. दुसरी मला अधिक शहाणपणाची वाटते. विश्रांती, केवळ ऐकणे, केवळ बोलणे आणि दोन्ही एकदम अशा चार अवस्था कल्पून प्रत्येक अवस्थेत कोणती पिन कशी असावी ह्याचा तक्ता यंत्राच्या पोटातच आधी लिहून ठेवायचा. मग अवस्था पालटली की पिना आपोआप पालटतात. रिलेला लागणारा विसावा मात्र तेव्हाही हिशेबात धरावाच लागतो.

ही सोय मोहक आहे, पण तिच्यात एक बोच आहे. कळ फिरविणारा माणूस दिसे. त्याच्यावर विश्वास ठेवणे वा न ठेवणे आपल्या हाती असे. आज्ञावली दिसत नाही. दुसऱ्याने लिहिलेली चार ओळींची आज्ञावली आपण उचलून घातली, तर रात्री दोन वाजता आपले यंत्र बोलत होते की नव्हते हे शेजाऱ्याला आपल्याआधी कळावयाचे. म्हणून अनुभवी मंडळी नवी आज्ञावली चालविताना एरियल काढून तिच्या जागी शक्ती गिळणारा कृत्रिम भार लावतात, पिनेला एक लहानसा दिवा जोडतात, आणि दिवा केव्हा लागतो व केव्हा विझतो हे प्रथम डोळ्यांनी पाहून घेतात.

४२.३४ मीटर म्हणजे आजच्या मोजणीने सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ. हौशी बिनतारीवाल्यांना जगभर मोकळ्या असलेल्या चाळीस मीटरच्या पट्ट्यात ही लहर येते, आणि परवाना घेतलेल्या कोणाही भारतीयास आज तीवर उघडपणे बोलता येते.