क्लच घसरतोय? आधी तेलाचा डबा वाचा

मे महिन्यात पैठणजवळ, नाथसागराच्या काठच्या चढावर माझी ऑफ-रोड बाईक दमली. इंजिन ओरडतंय, पण वेग वाढेना. क्लच घसरत होता. केबलची ढील बरोबर होती. प्लेटा बदलायला निघालोच होतो, तेवढ्यात आठवलं, मी तेल कारचं ओतलंय!

इथे इतिहास येतो. गिअरवाल्या कारचा क्लच सहसा कोरडा, बहुतेक बाईकचा मात्र इंजिनच्याच तेलात बुडालेला. इंधन वाचावं म्हणून कारच्या तेलात घर्षण कमी करणारी रसायनं आली, आणि तेच तेल घातलेल्या बाईकचे क्लच घसरू लागले. म्हणून जपानने १९९८ साली मोटरसायकलच्या तेलासाठी ‘जासो’ मानक आणलं. डब्यावर ‘एमए’ असेल तर क्लच धरतो. ‘एमबी’ मुख्यतः बिनगिअरच्या स्कूटरसाठी.

दोनदा तेल बदललं, क्लच धरला. प्लेटांचा खर्च वाचला!