सोळा हात रुंदीचं घर

पुण्यात फ्लॅट शोधायला लागलं की आठवड्याभरात ब्रोकरची भाषा पाठ होते. कार्पेट एरिया, पझेशन, रेरा नंबर आणि 'वास्तू एकदम परफेक्ट आहे, सर.' परफेक्ट म्हणजे कशाप्रमाणे, असं विचारलं की उत्तर येतं, 'शास्त्राप्रमाणे.' शास्त्र आहे म्हणजे ते कुठेतरी लिहिलेलं असणार. मी सॉफ्टवेअरवाला, डॉक्युमेंटेशन न वाचता कुठलीही सिस्टिम वापरणं माझ्या जिवावर येतं. म्हणून मूळ ग्रंथांत काय आहे ते भाषांतरांच्या आधारानं वाचायला घेतलं.

पहिली गोष्ट कळली ती अशी, की वास्तुशास्त्राचा एकच एक ग्रंथ नाही. सहाव्या शतकातल्या उज्जैनच्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त वास्तुविद्येवर एक अध्याय आहे. दक्षिणेत 'मयमत' आणि 'मानसार' आहेत. अकराव्या शतकातल्या भोजराजाच्या नावावर 'समरांगणसूत्रधार' आहे. पंधराव्या शतकात मेवाडच्या राणा कुंभाच्या काळात सूत्रधार मंडनानं 'राजवल्लभ' लिहिला. 'सूत्रधार' म्हणजे मोजणीची दोरी हातात धरणारा, बांधकामावर प्रत्यक्ष उभा राहणारा माणूस. या सगळ्या ग्रंथांचं प्रत्येक बाबतीत एकमत नाही.

वास्तुपुरुषाची कल्पना मात्र बहुतेकांत सापडते. एक प्रचंड प्राणी जमिनीवर पालथा पाडलेला आणि प्रत्येक देवानं त्याचा एकेक अवयव दाबून धरलेला. जमिनीवर आखलेल्या ८१ चौकोनांत ४५ देवता. आपल्या घरांत वास्तुशांतीला पुरला जातो तो हाच. आजी म्हणायची, 'घरात अभद्र बोलू नये रे, वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो.'

पण ग्रंथांत खरी मजा येते ती मोजमापात. बृहत्संहितेत जमिनीची परीक्षा अशी सांगितली आहे: हातभर लांब, रुंद आणि खोल खड्डा खणायचा आणि निघालेली माती पुन्हा त्यातच भरायची. माती उरली तर जमीन उत्तम, बरोबर पुरली तर मध्यम, कमी पडली तर वाईट. किंवा खड्डा पाण्यानं भरायचा, शंभर पावलं चालून परत यायचं आणि पाणी कमी झालंय का ते बघायचं. माती किती घट्ट आहे आणि पाणी किती मुरतं, याचीच ही चाचणी. आजही सिव्हिलवाले खड्ड्यात पाणी ओतून ते किती वेळात मुरतं हे मोजतात.

दिशा काढायची रीतही तितकीच नेटकी आहे. सपाट जमिनीवर वर्तुळ काढून मध्यभागी शंकू, म्हणजे एक सरळ खुंटी, उभा करायचा. सकाळी त्याच्या सावलीचं टोक वर्तुळाला जिथे टेकेल तिथे एक खूण, दुपारनंतर पुन्हा टेकेल तिथे दुसरी. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा तयार. फोनमधलं होकायंत्र भिंतीतल्या लोखंडानं फसतं, शंकू फसत नाही.

तिसरा प्रकार म्हणजे 'आय'. एका प्रचलित रीतीप्रमाणे घराची लांबी गुणिले रुंदी करायची आणि आठानं भागायचं. बाकी १ उरली तर ध्वज, २ धूम्र, ३ सिंह, ४ श्वान, ५ वृषभ, ६ खर, ७ गज आणि शून्य उरली तर काक. ध्वज, सिंह, वृषभ, गज चांगले, उरलेले वाईट. २५ हात गुणिले १७ हात म्हणजे ४२५, बाकी १, ध्वज आय, शुभ. तेच २५ गुणिले १८ केलं तर ४५०, बाकी २, धूम्र, अशुभ. कागदावर दोन-चार आकडे मांडले की लक्षात येतं, की चांगल्या सगळ्या बाक्या विषम आहेत. गुणाकार विषम यायचा तर दोन्ही बाजू विषमच हव्यात. म्हणजे एवढ्या थाटाच्या नियमाचा अर्थ इतकाच, की लांबीही विषम ठेवा आणि रुंदीही. गवंड्याला लक्षात ठेवायला सोपं!

आणि कुठली खोली कुठे? बृहत्संहितेत हे थोडक्यात आटपलंय. ईशान्येला देवघर, आग्नेयेला स्वयंपाकघर, नैर्ऋत्येला भांडीकुंडी आणि सामान, वायव्येला पैसा आणि धान्य. जमिनीच्या परीक्षा सांगताना एक सुंदर गोष्टही येते: ज्या जागेत ज्याचं मन रमतं, ती त्याला शुभ.

इथपर्यंत वाचून मी खूश होतो. मग त्याच अध्यायातली घरांची मापं वाचली.

राजाचा सर्वांत मोठा वाडा १०८ हात रुंद. हात म्हणजे साधारण दीड फूट. ब्राह्मणाचं घर ३२ हात, क्षत्रियाचं २८, वैश्याचं २४, शूद्राचं २०. त्याखाली १६, आणि 'अतिहीन' मानलेल्यांसाठी त्याहूनही कमी. म्हणजे ४८ फुटांपासून सुरुवात आणि २४ फुटांच्याही खाली उतरत जाणारी पायरी. जमिनीचे रंगही वर्णाप्रमाणे वाटलेले: पांढरी, तांबडी, पिवळी, काळी. ज्या काटेकोरपणानं खड्ड्यातली माती मोजली, त्याच काटेकोरपणानं माणसाची पायरीही.

'तो काळच तसा होता' असं म्हणून हे सोडून देता येईल. पण मग बडोद्याचं काय करायचं?

सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर परदेशात शिकून बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहायला घर मिळेना. जात लपवून ते एका पारशी वसतिगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना जागा सोडावी लागली. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे विचारलं, दोन्हीकडे सोय झाली नाही. शेवटी मुंबईच्या रात्रीच्या गाडीची वाट बघत ते पाचेक तास कमाठी बागेत बसून राहिले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय.

पुढे १९२४-२५ मध्ये त्याच बडोद्यातून, गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये, टी. गणपती शास्त्रींनी संपादित केलेला 'समरांगणसूत्रधार' दोन भागांत छापला गेला. फार मोलाचं काम, त्यामुळेच आज तो ग्रंथ आपल्याला वाचता येतो. संस्थान एकच. घर कसं असावं याचं जुनं ज्ञान तिथे जपलं गेलं, आणि घर कुणाला मिळावं याचा जुना नियमही शाबूत होता.

आज 'वास्तुनुसार' म्हणून जे विकलं जातं त्यात यातलं काय उरलंय? मातीचा खड्डा गेला. पंधराव्या मजल्यावर कोण माती मोजणार? शंकू गेला, सूत्रधार गेला. मन रमण्याची अट तर केव्हाच गेली, कारण बजेटच्या पुढे मनाला कोण विचारतं. उरल्या त्या दिशा आणि त्या चुकल्याची भीती. वर्णाची मापं ब्रोशरमध्ये नसतात, पण ती गेलेली नाहीत. माझ्या रूममेटनं भाड्याच्या फ्लॅटसाठी फोन केला तेव्हा आधी आडनाव विचारलं गेलं, मग 'फ्लॅट गेला हो' असं उत्तर आलं. जाहिरात पुढे पंधरा दिवस तशीच होती.

आई म्हणते, फ्लॅट घेतलास की वास्तुशांत करू. करू की. चार माणसं जेवतील, घर गजबजेल. फक्त कुणी 'शास्त्राप्रमाणे' म्हटलं, की शास्त्रातलं नेमकं काय, हे मी विचारणार. हातभर खड्डा, सावलीवरून काढलेली पूर्व आणि मन रमण्याची अट मला मान्य आहे. सोळा हातांचं माप नाही.

बडोद्यानंतर पंधराएक वर्षांनी, १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला, बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत स्वतःचं घर बांधलं. बुद्धाच्या काळातल्या मगधाच्या राजधानीवरून त्याला 'राजगृह' नाव दिलं आणि हजारो पुस्तकांना तिथे जागा केली. ते घर अजून उभं आहे आणि लांबलांबून लोक ते बघायला येतात. त्याचं स्वयंपाकघर आग्नेयेला आहे का, असं विचारताना मी अजून कुणाला ऐकलेलं नाही.