हुकूम आणि उमेदवार

इ. स. १८९४ मध्ये राजर्षी शाहू छत्रपतींनी करवीर संस्थानचा कारभार हाती घेतला. त्या वेळी सामान्य प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या हुकमाने पुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग वगळता सर्वांना तो लागू होता, अर्थात मुसलमानांनाही. कोणाची नेमणूक केली, याचा तक्ता खातेप्रमुखांनी दर तीन महिन्यांनी पाठवावा, अशी सक्तीही त्यात होती. १९१२ पर्यंत ९५ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मणेतर आले.

परंतु जागा राखली तरी ती भरण्यास शिकलेला उमेदवार हवा. म्हणूनच महाराजांनी वसतिगृहांना आश्रय दिला. १९०६ मध्ये कोल्हापुरात मुसलमान विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग निघाले, तेव्हा त्या संस्थेचे अध्यक्षपद त्यांनी स्वतः स्वीकारले. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचा हुकूम निघाला.

हुकूम दरबारातून निघतो. उमेदवार मात्र घरात तयार होतो. पालकहो, मुलाचे आणि मुलीचेही शिक्षण अर्ध्यावर तोडू नका. विद्यार्थी मित्रांनो, दार उघडे असले तरी उंबरठा आपल्यालाच ओलांडायचा आहे.