तळटीप १४ : बादल्यांवर चाललेली आगगाडी

लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज : ६० पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्सचे प्रमुख. कोरियन युद्धात भारताने लढाऊ पलटण धाडली नाही. धाडले ते हे वैद्यकीय पथक, नोव्हेंबर १९५० मध्ये.

डिसेंबरात प्योंगयांग सोडायची वेळ आली, पण सामान न्यायला वाहनेच नव्हती. शस्त्रक्रियेचे साहित्य मागे टाकून निघणे रंगराजांना पटेना. तेवढ्यात एक जुने इंजिन सापडले. जवानांनी जळणाला लाकडे तोडली, बादल्याबादल्यांनी बॉयलर भरला आणि गाडी नदीपार काढली. थोड्याच वेळात पूल उडवला गेला.

२३ मार्च १९५१ रोजी मुनसानला अमेरिकी छत्रीधारी सैनिकांसोबत पथकातल्या १२ जणांनी उडी घेतली. रंगराजांना महावीर चक्र मिळाले.