जलप्रलयांतील नौका : कोणता आकार श्रेष्ठ ?

सर्व सृष्टि बुडत असतां मनुष्यानें कोणत्या वाहनांत बसावें, हा प्रश्न वरवर पाहतां पोरखेळाचा वाटेल. परंतु प्राचीन ग्रंथकारांनीं तो गंभीरपणें सोडविला आहे, आणि त्यांचीं उत्तरें परस्परांहून भिन्न आहेत.

प्रथम आपल्याकडील पुरावा पाहूं. शतपथ ब्राह्मणांत (१.८.१) मनूस हात धुण्याच्या पाण्यांत मासा सांपडतो. मनु त्यास आधीं कुंभींत, मग खड्ड्यांत वाढवून शेवटीं समुद्रांत सोडतो. पूर येतांच नौकेचा दोर त्याच्या शिंगास बांधून तो उत्तरगिरीस पोंचतो व नौका वृक्षास बांधतो. महाभारताच्या वनपर्वांत सप्तर्षि व बीजें यांची भर पडते आणि हिमालयाच्या त्या शिखरास नौबंधन हें नांव मिळतें. नौकेची लांबीरुंदी मात्र दोन्ही ठिकाणीं नाहीं. मत्स्यच ओढून नेणार असल्यामुळें कथेचें लक्ष आकारापेक्षां दोराकडे व बांधण्याच्या जागेकडे आहे, असें आम्ही समजतों.

जेथें ओढणारा कोणी नाहीं, तेथें मापें येतात. बायबलांतील नोहाचें तारूं ३०० हात लांब, ५० हात रुंद व ३० हात उंच असून शीड किंवा सुकाणूं यांचा उल्लेख नाहीं. निनवे येथें सांपडलेल्या व जॉर्ज स्मिथनें १८७२ सालीं वाचलेल्या गिल्गमेश-काव्याच्या अकराव्या फलकांत प्रत्येक बाजू १२० हात व उंचीही तितकीच. असली चौकोनी पेटी कोणा नावाड्यानें बांधिली असेल, असें वाटत नाहीं.

याचा उलगडा आयर्विंग फिंकेल यांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ६० ओळींच्या मृत्तिकाफलकानें होतो. इ. स. पूर्वी १९०० ते १७०० च्या दरम्यानच्या या फलकांतील नौका वर्तुळाकार आहे : तळ सुमारें ३,६०० चौरस मीटर, भिंत सुमारें ६ मीटर, दोराचीं वेटोळीं व वरून डांबर. इराकांतील नद्यांवर विसाव्या शतकापर्यंत चालणारी 'कुफ्फा' ही टोपलीवजा होडी ती हीच. गिल्गमेशांतील तळाचें क्षेत्रही नेमकें तेवढेंच भरतें. अर्थात् वर्तुळाचा चौकोन पाठपरंपरेंत झाला, हें फिंकेल यांचें अनुमान आम्हांस ग्राह्य वाटतें.

आमच्या मतें या स्पर्धेंत गोल नौकाच श्रेष्ठ ठरते. ती गरगर फिरते व सरळ जात नाहीं, हा तिचा दोष नदींत खरा. पण प्रलयांत जावयाचें कोठें? तेथें केवळ तरावयाचें असतें. शिवाय तिला लागणारा दोर व डांबर त्या देशांत मिळत, आणि ती विणणारे हातही होते. केरळांत तिची लहान प्रतिकृति बांधून पाण्यावर सोडिली, तेव्हां डांबर हलकें असल्यानें पाणी झिरपलें, तरी ती तरंगली.

संग्राहकांस एकच विनंती. हा फलक कित्येक वर्षें एका खाजगी घरांत होता. जाणत्यास दाखविला म्हणून नौकेचा खरा आकार कळला. इ. स. पूर्वी ६१२ मध्यें निनवे जळालें, तरी तेथील माती टिकली. आपलीं तालपत्रें व कागद यांस आग आणि पाणी दोन्ही मारक. त्यांची नौका एकच : प्रत करणें व जाणत्यास दाखविणें. पूर येण्यापूर्वींच ती बांधावी.