शुलफोर्टा : आज्ञाधारक प्रजा घडवण्यासाठी काढलेली शाळा

सन १५४०. मध्य जर्मनीतील नाउमबुर्ग शहराजवळचा एक श्रीमंत मठ बंद झाला. सिस्टर्शियन पंथाच्या भिक्षूंनी बाराव्या शतकात तो वसवला होता. नदीकाठची ओलसर जमीन त्यांनी लागवडीखाली आणली, पाण्यासाठी कालवा खणला, टेकडीच्या उतारावर द्राक्षमळे लावले. मग मार्टिन लूथरच्या धर्मसुधारणेचे वारे सॅक्सनीत शिरले. भिक्षू गेले, भिंती, शेते आणि मळे मागे उरले.

या संपत्तीचे करायचे काय? धर्मसुधारणेच्या काळात हा प्रश्न अनेक राजांपुढे होता. इंग्लंडात आठव्या हेन्रीने मठांच्या जमिनी सढळ हाताने विकल्या. सॅक्सनीचा ड्यूक मोरित्स यानेही काही विकल्या. पण १५४३ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्याने एक दूरदृष्टीचा हुकूम काढला. मठांच्या उत्पन्नावर तीन निवासी शाळा चालवायच्या. त्यांपैकी एक या मठात. मठाचे नाव ‘फोर्टा’, म्हणजे दार. शाळेला लोक शुलफोर्टा म्हणू लागले.

सुरुवातीला येथे १०० मुलांची सोय होती. राहणे, जेवण, शिक्षण सारे मोफत. काही जागा शहरांनी भरायच्या, काही सरदार घराण्यांनी. मात्र यात दानधर्माचा भाग थोडाच होता. नव्या प्रोटेस्टंट राज्याला धर्मोपदेशक हवे होते, कारभारी हवे होते. मोरित्सला शिकलेली आणि विश्वासू माणसे पाहिजे होती, आणि ती लहानपणापासूनच तयार करायची होती.

मठ गेला, पण मठाची शिस्त गेली नाही. पहाटे उठायचे, प्रार्थना करायची, घंटेच्या ठोक्यावर अभ्यासाला बसायचे. घरी जाणे क्वचितच. लॅटिन हा केवळ विषय नव्हता. आरंभीच्या काळात मुलांनी आपसांतही तीच भाषा बोलावी असा दंडक होता. थोरल्या विद्यार्थ्यांचा धाकट्यांवर अंमल चाले. चूक करणाऱ्यासाठी शाळेची स्वतःची कोठडी होती.

या अमलाचा जाच किती असावा, हे योहान गॉटलीब फिश्टेच्या हकिगतीवरून कळते. फिती विणणाऱ्या गरीब कारागिराचा हा मुलगा एका उमरावाच्या आश्रयामुळे १७७४ मध्ये फोर्टात आला. थोरल्या मुलाच्या छळाला कंटाळून तो एके दिवशी पळाला. डोक्यात रॉबिन्सन क्रूसो होता. कुठेतरी निर्जन बेटावर जाऊन राहायचे! नाउमबुर्गच्या वाटेवर आईवडिलांची आठवण झाली आणि तो परतला. त्याने सारे खरे सांगितले, तेव्हा मुख्याध्यापकांनी शिक्षा केली नाही. पुढे हाच मुलगा जर्मनीचा मोठा तत्त्वज्ञ झाला आणि मानवी ‘स्व’चे स्वातंत्र्य हा त्याच्या विचाराचा पाया ठरला.

फिश्टे हा अपवाद नव्हता. कवी क्लोपश्टॉक याने आपल्या ‘मेसियास’ या महाकाव्याचा संकल्प येथेच, विद्यार्थिदशेत केला. गणितज्ञ मोबियस येथलाच. इतिहासाच्या वाचकांना अधिक जवळचे नाव म्हणजे लेओपोल्ड फॉन रांके. तो १८०९ ते १८१४ या काळात, नेपोलियनची युद्धे सुरू असताना, येथे शिकला. ऐकीव कथा बाजूला सारून मूळ कागदपत्रांकडे जाण्याचा आग्रह त्याने पुढे इतिहासलेखनात रुजवला. जुन्या ग्रंथातला शब्द न् शब्द तपासायची सवय फोर्टाने लावली होती. तिचा या आग्रहाशी संबंध जोडणे अवाजवी ठरू नये.

येथेच या शाळेतील गंमत आहे. राज्याला हवे होते आज्ञापालन. ते शिकवण्याचे साधन मात्र निवडले ग्रीक-लॅटिन ग्रंथांचे कसून वाचन. शब्दाचा नेमका अर्थ काय, हे वाक्य खरे कुणाचे, लेखक येथे लपवतो काय, असे प्रश्न सहा वर्षे रोज विचारणारा मुलगा पुढे ते फक्त सिसेरोलाच विचारेल, याची हमी कोण देणार?

१८१५ मध्ये व्हिएन्ना परिषदेने हा प्रदेश प्रशियाला दिला. शाळेचा धनी बदलला, दिनक्रम फारसा बदलला नाही. १८५८ च्या ऑक्टोबरात नाउमबुर्गचा एक पितृहीन मुलगा मोफत जागेवर दाखल झाला : फ्रीड्रिश नीत्शे. घर तासाभराच्या चालीवर. तरी आई आणि बहीण भेटायच्या त्या रविवारी दुपारी, वाटेतल्या अल्मरिश गावात.

तो आदर्श विद्यार्थी होता, बराचसा. एकदा देखरेखीची पाळी त्याच्याकडे असताना वर्गातील त्रुटींची नोंद करायची होती. दिवे मंद आहेत, एवढेच लिहायचे. त्याने लिहिले की दिवे इतके मंद आहेत की मुलांना स्वतःचाच प्रकाश पाडण्याचा मोह होतो. शिक्षकांना विनोद रुचला नाही. तीन तास कोठडी. १८६३ मध्ये जवळच्या क्योझेन गावी बिअर पिऊन परतल्यावर वर्गातील पहिले स्थानही गेले. शाळा सोडताना गणितात तो जेमतेम तरला.

त्याचा वर्गमित्र पाउल डॉयसन हाही एका धर्मोपदेशकाचा मुलगा. तो संस्कृतकडे वळला आणि ज्या चिकाटीने फोर्टात प्लेटो वाचला, त्याच चिकाटीने शांकरभाष्य वाचू लागला. १८८३ मध्ये वेदान्तावरचा आणि १८९७ मध्ये साठ उपनिषदांच्या अनुवादाचा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८९३ च्या फेब्रुवारीत त्याने मुंबईत, रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेत, वेदान्तावर व्याख्यान दिले. आपल्या आडनावाचे त्याने ‘देवसेन’ असे संस्कृत रूपही केले होते.

आणखी एक नाव : उलरिश फॉन विलामोवित्स. नीत्शेनंतर चार वर्षांनी आलेला. १८७२ मध्ये नीत्शेने ग्रीक शोकनाट्याच्या उगमावर पुस्तक लिहिले, तेव्हा तेवीस वर्षांच्या विलामोवित्सने पत्रक काढून त्यातील चुकांची लक्तरे वेशीवर टांगली. एकाला ग्रीकांकडून आजच्या जगण्याचे उत्तर हवे होते, दुसऱ्याला पुरावा. दोघेही एकाच आखाड्यातले पठ्ठे, म्हणूनच घाव वर्मी बसले. आपले दोन विद्यार्थी इतक्या ताकदीने आमनेसामने उभे राहावेत, हे कोणत्याही शाळेला भूषणावहच.

पण ही कथा एवढीच सांगितली, तर ती अर्धी राहील.

१९३५ मध्ये नाझी राजवटीने फोर्टाचे रूपांतर ‘नापोला’त केले. राजवटीचे भावी नेते घडवणाऱ्या निवासी शाळांना हे नाव होते. त्यासाठी नव्याने फारसे काही उभारावे लागले नाही, ही गोष्ट अस्वस्थ करते. घरापासून तोडलेली निवडक मुले, पहाटेची घंटा, थोरल्यांचा धाकट्यांवरील अंमल, आपण इतरांहून वेगळे आहोत ही भावना, सारे आयते होते. काढून घेतला तो संशय घेण्याचा अभ्यास; त्याच्या जागी गणवेश आणि घोषणा आल्या. हा प्रकार १९४५ पर्यंत चालला. तीन शतकांहून अधिक काळच्या शिस्तीने त्याला आतून अडवल्याचे दिसत नाही.

युद्धानंतर फोर्टा सोव्हिएत विभागात आणि मग पूर्व जर्मनीत गेली. मठाच्या काळापासून शाळेला पोसणाऱ्या जमिनी हातच्या गेल्या. निवासी शाळा मात्र टिकली आणि मुलीही येथे शिकू लागल्या. १९८० च्या दशकात भाषा व संगीताचे विशेष वर्ग निघाले. जर्मनीच्या एकीकरणानंतर ती झाक्सेन-आनहाल्ट राज्याची शाळा झाली. आज नववी ते बारावीचे सुमारे ३०० विद्यार्थी भाषा, संगीत आणि विज्ञान या शाखांत शिकतात. त्यांची वसतिगृहे जुन्या मठाच्या आवारातच आहेत, आणि भिक्षूंनी सुरू केलेली द्राक्षशेती आता राज्य सरकारची वायनरी सांभाळते.